शांताबाई कांबळे यांची साक्ष

(राजारामपुरी, कोल्हापूर येथे १ मार्च रोजी भरलेल्या महिलांच्या स्मरणसभेत दिलेले व्याख्यान)



दातृत्व आणि समाजहिताची कळकळ अंगी बाणलेल्या एखाद्या शिक्षिका-मातेचे स्मरण मी येथे करावे, असा निरोप आपल्या मंडळाकडून मला आला. नाव निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविलेले होते. अशा माता आपल्या समाजात थोड्या नाहीत. पुष्कळांची नावे गावाच्या वेशीबाहेर गेलेली नाहीत, एवढेच. परंतु आजचा दिवस १ मार्चचा आहे. १९२३ साली याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील महुद या गावी एका दरिद्री महार कुटुंबात एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव नाजा. तीच पुढे शांताबाई कृष्णाजी कांबळे या नावाने शिक्षिका झाली, शाळा तपासणारी अधिकारी झाली, आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे पुस्तक तिने लिहिले. त्या शांताबाईंविषयी मी बोलणार आहे. त्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा योग मला आला नाही. मी त्यांना ओळखते ती त्यांच्या पुस्तकावरून, आणि मी वकिली करीत असल्यामुळे ते पुस्तक वाचताना माझे लक्ष साहित्यापेक्षा पुराव्याकडे अधिक गेले, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

प्रथम 'दातृत्व' या शब्दाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही आणि तो का लागत नाही हे आपण सारे जाणतो. शिळी भाकरी, उतरलेले लुगडे, मेलेले ढोर, हे सारे आपल्या वाडवडिलांना 'दिले' जात होते. देणारा त्याबद्दल पुण्याचा धनी होत होता आणि घेणारा जन्मभर खाली मान घालून जोहार करीत होता. ज्या देण्याने घेणाऱ्याची मान खाली जाते, त्या देण्याला भगवान बुद्धाच्या धम्मात दान म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे. शांताबाईंजवळ देण्याजोगी शेतीवाडी नव्हती. त्यांच्याजवळ अक्षर होते आणि पुढे दरमहाचा पगार आला. या दोन गोष्टींतून त्यांनी जे दिले त्याने घेणाऱ्याची मान वर झाली. म्हणून 'दातृत्व' हा शब्द मी त्यांच्यापुरता स्वीकारते.

महुद, करगणी, आटपाडी, जत हा सारा टापू दुष्काळी. पावसाळा आला तरी आभाळाकडे पाहत बसण्याची सवय तेथील माणसाला जडलेली असते. या माणदेशाच्या मातीतूनच शंकरराव खरात हे वकील, साहित्यिक आणि 'प्रबुद्ध भारत'चे संपादक निर्माण झाले, ते आटपाडीचे. शांताबाईंचे माहेर महुद आणि सासर आटपाडीजवळील करगणी. त्यांचे आईवडील गावकीची कामे करून, दुसऱ्याच्या रानात राबून, अर्धपोटी राहून लेकरांना वाढवीत होते. अशा घरातील मुलगी शाळेत गेली, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

येथे एका तारखेकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. नाजाचा जन्म १ मार्च १९२३ चा. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. म्हणजे मूल पाच महिन्यांचे असतानाच शाळेचे दार त्याला कागदावर उघडे झाले होते! तरीही ते मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले तेव्हा त्याला काय दिसले? अस्पृश्यांच्या मुलांची बसण्याची जागा वेगळी. वर्गातील सोबतिणीच्या दाराशी गेले तर आतून तिची आई ओरडते, की महाराच्या पोरी, दूर राहा, रांगोळीला शिवशील. त्याच ठरावाच्या आधारे परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, हे आपणांस ठाऊक आहे. कायदेमंडळातील ठराव आणि रांगोळीपलीकडचा उंबरठा यांमधील अंतर किती असते, हे आम्हां वकिलांना रोज दिसते. नाजाला ते अंतर अनवाणी चालावे लागले.

कोल्हापूरकरांनी येथे थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. मिस क्लार्क वसतिगृह त्याही आधीचे, १९०८ चे. महुद मात्र इंग्रजी अंमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात होते. तेथे असा कोणी राजा नव्हता. अभिमान बाळगावा, पण आपल्या आजोबांनी वसतिगृहाचा लाभ घेतला तेव्हा आपल्या आजीबाई कोठे होत्या, हा प्रश्न राजारामपुरीतील प्रत्येक घराने स्वतःला एकदा विचारावा. उत्तर बहुतेक ठिकाणी 'जनावरांमागे' किंवा 'मोलमजुरीला' असेच येईल.

नाजा शिकली. तिचे लग्न करगणीच्या कृष्णाजी कांबळे यांच्याशी झाले. ते स्वतः शिक्षक. पुस्तकात त्यांना मास्तर म्हटले आहे. शिकलेला नवरा आणि शिकलेली बायको, म्हणजे आपल्या समाजात त्या काळी दुर्मिळ असे जोडपे. परंतु मास्तरांनी दुसरे लग्न केले आणि नाजा माहेरी निघून आली.

हा प्रसंग सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण बाईंनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. आपल्यातील काही समाजधुरीणांना वाटते की घरातील गोष्टी चव्हाट्यावर आणल्या म्हणजे समाजाची बदनामी होते. सवर्णांनी केलेला अन्याय सांगावा, आपल्या माणसाने केलेला झाकावा. शांताबाईंनी हा पंक्तिप्रपंच केला नाही. गावाने केलेला अन्याय आणि घरात झालेला अन्याय त्यांनी एकाच बोलीत, एकाच शांत आवाजात मांडला. पुढे मास्तर आणि त्या पुन्हा एकत्र नांदू लागल्या, हेही त्यांनी लपविले नाही. कोणाला त्यात माघार दिसेल. मला तसे वाटत नाही. ती दुसऱ्यांदा सासरी गेलेली बाई पहिल्यांदा गेलेली बाई नव्हती. मधल्या काळात ती शिक्षिका झाली होती.

आता कायद्याची बाजू पाहू. त्या वेळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास कायद्याची कसलीही आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला तो १९४६ साली. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यास विभक्त राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू स्त्रीला मध्यवर्ती कायद्याने मिळाला तोही १९४६ सालीच. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल पुढे रेटले, ते रखडविण्यात आले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी हयात असताना, तो विवाह कायम असताना केलेले दुसरे लग्न त्या कायद्याने रद्दबातल आहे आणि तो गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमात आज त्याला शिक्षा सांगितली आहे. नाजाला यांपैकी एकाचाही उपयोग नव्हता, कारण यांपैकी काहीच तेव्हा जन्माला आले नव्हते. माहेरी आलेल्या, पदरात मूल असलेल्या मुलीने त्या काळी काय करावयाचे? भावजयीच्या हाताखाली राबावे, नाहीतर पुन्हा कोणाच्या दावणीला बांधून घ्यावे.

नाजाने नोकरी धरली. १९४२ साली सोलापूर जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत ती शिक्षिका म्हणून लागली. सोलापूर जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

१९४२ हे साल विसरू नका. त्याच वर्षी २० जुलै रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि स्वतः बाबासाहेबांनी परिषदेत मार्गदर्शन केले. समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्या परिषदेत आपल्या स्त्रियांनी जे ठराव केले ते आजच्या सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी मुद्दाम वाचावेत. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीकत्वाची चाल कायद्याने बंद व्हावी, कामकरी स्त्रियांना हक्काची रजा आणि पेन्शन मिळावी, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे निघावीत, अशा त्या मागण्या होत्या. गिरणीत, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर असलेल्या स्त्रियांनी हे मागितले! हिंदू कोड बिल मध्यवर्ती कायदेमंडळात गाजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. नागपुरात आपल्या बहिणी बहुपत्नीकत्वाविरुद्ध हात वर करीत होत्या त्याच वर्षी शेकडो मैल दूर माणदेशात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाने पोळलेली एक तरुणी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. त्या परिषदेची वार्ता तिच्या कानी गेली होती की नाही, याला येथे महत्त्व नाही. परिषदेने जे मागितले ते या बाईने कोणाच्या देण्याची वाट न पाहता आपल्यापुरते उभे केले.

दरमहाचा पगार म्हणजे काय, हे ज्याच्या हाती तो नियमित येतो त्याला कळणार नाही. आपल्या आयाबायांना मजुरी मिळे ती धान्याच्या मापाने, आणि ते मापही देणाऱ्याच्या मर्जीवर भरे. जिल्हा बोर्डाचा पगार हजेरीपत्रकावरील स्वतःच्या नावासमोर स्वतःची सही करून घ्यावा लागे. जुना हिंदू कायदा विवाहित स्त्रीच्या स्वकष्टाच्या कमाईवरसुद्धा नवऱ्याचा ताबा मानीत असे. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळविलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. म्हणजे शांताबाईंनी पगारावर पहिली सही केली तेव्हापासून चौदा वर्षांनी कायदा त्यांच्यापाशी येऊन पोहोचला. कायदा उशिरा येतो म्हणून त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मी त्याच्याच भाकरीवर जगते. पण ज्या स्त्रीच्या हाती स्वतःची नोकरी आहे तिला कायद्याची वाट पाहता येते, आणि जिच्या हाती ती नाही तिला वाट पाहण्याइतकाही अवधी नसतो, एवढे मला कोर्टाच्या आवारात रोज दिसते. पोटगीचा अर्ज घेऊन येणाऱ्या भगिनीला मी पहिला प्रश्न कायद्याचा विचारीत नाही. 'बाई, तुमचे शिक्षण किती?' हा माझा पहिला प्रश्न असतो.

दहा वर्षे शिकविल्यानंतर, १९५२ च्या सुमारास, शांताबाईंनी पुण्यास शिक्षकाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले. घर, नोकरी, मुले आणि स्वतःचे शिक्षण हे सारे त्यांनी एकाच अंगावर पेलले. पुढे त्या सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. म्हणजे ज्या मुलीला वर्गात वेगळे बसविले गेले, तीच तालुक्यातील वर्ग तपासावयास जाऊ लागली. गावातील मुख्याध्यापक तिच्यापुढे रजिस्टर उघडून उभे राहत असतील, या कल्पनेने मला फार समाधान वाटते. हे समाधान सूडाचे आहे असे कोणी म्हटले तरी चालेल.

शाळेच्या रजिस्टराचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे विस्ताराने बोलते, कारण शिक्षिकेचे समाजकार्य म्हणजे मोर्चात जाणे किंवा वर्गणी देणे एवढेच आपण समजतो. खेड्यातील प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर नावाचे एक जाडजूड पुस्तक असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात ही सारी त्यात शिक्षकाच्या हस्ताक्षरात उतरतात. त्या एका ओळीवरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी, सारे काही ठरते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद आजही मागितला जातो, आणि तो बहुधा आजोबांच्या शाळेतील रजिस्टराचा उतारा असतो. आपल्या मुलांना दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवण्याची वहिवाट होती. तीच नावे रजिस्टरात जात. जन्मतारीख माहीत नसे, म्हणून मास्तर ठोकळ तारीख घालीत. ज्या शाळेत आपल्यापैकी कोणी शिक्षक किंवा शिक्षिका होती, तेथे आईबापाला जवळ बसवून, 'पोरगं कोणत्या सुगीत जन्मलं, तेव्हा पाऊस कसा होता' असे विचारून तारीख काढली जाई, नाव चांगले सुचविले जाई. अशी कितीतरी रजिस्टरे मी प्रकरणांच्या निमित्ताने पाहिली आहेत. हस्ताक्षरावरून ओळखू येते, की कोणी हे काम उरकले आहे आणि कोणी ते आपल्या लेकराचे म्हणून केले आहे.

१९५६ नंतर या रजिस्टरातील एका रकान्याने आपल्या समाजाला मोठ्या पेचात टाकले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लक्षावधी लोकांना दिली. घरोघर देव्हारे रिकामे झाले. शांताबाईंचे घरही बौद्ध झाले. आता मुलाचे नाव घालताना धर्माच्या रकान्यात काय लिहावयाचे? 'बौद्ध' लिहिले तर अनुसूचित जातीच्या सवलती जात. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्या हिंदूंपुरत्या, व १९५६ पासून शिखांपुरत्याही, मर्यादित होत्या. 'हिंदू' लिहिले तर दीक्षेला अर्थ काय राहिला? महाराष्ट्र राज्य १९६० साली निर्माण झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. मध्यवर्ती सरकारने मात्र त्यासाठी १९९० साल उजाडू दिले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे! एक अख्खी पिढी शाळेत जाऊन, नोकरीचे वय ओलांडून गेली. या चौतीस वर्षांत 'बौद्ध' हा शब्द रजिस्टरात निर्भयपणे लिहावयास सांगणारी बहुतेक ठिकाणी मुलाची आईच होती. बाप हिशेब करीत बसे आणि आई म्हणे, 'बाबांनी दिलेलं लिवा.' ज्यांना धर्मांतराचा इतिहास लिहावयाचा आहे त्यांनी दीक्षाभूमीवरील भाषणांबरोबर हा रकानाही तपासावा.

आईपणाविषयी. शांताबाईंचे चिरंजीव प्रा. अरुण कांबळे यांचे नाव आपणांस माहीत आहे. १९५३ चा त्यांचा जन्म. दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली तेव्हा तिच्या अग्रभागी असलेल्या तरुणांत ते होते. 'रामायणातील संस्कृतीसंघर्ष' हे त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. मुंबई विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक म्हणून आणि जनता दलाचे सरचिटणीस म्हणून त्यांनी काम केले. पुत्राच्या कर्तृत्वाचे श्रेय मातेच्या पदरात टाकून तिला मखरात बसविण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पसंत नाही. शांताबाई कोणाची आई नसत्या तरी आज येथे त्यांचे स्मरण झाले असते. परंतु एवढे खरे, की पँथरच्या त्या पिढीतील पुष्कळ तरुण ज्या घरांतून आले, त्या घरांत एक तरी पगार येत होता, एक तरी पुस्तक होते, आणि पोरगा मोर्चाला निघाला तर त्याला अडविण्याऐवजी भाकरी बांधून देणारी बाई होती. चळवळीच्या इतिहासात या भाकरीची नोंद होत नाही. डिसेंबर २००९ मध्ये अरुण कांबळे यांचा हैदराबाद येथे मृत्यू झाला. त्या वेळी मातेचे वय शहाऐंशी होते. त्यानंतर त्या तेरा वर्षे जगल्या. याविषयी मी अधिक बोलत नाही.

आपल्या समाजातील शिक्षिकांची परंपरा पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, की त्यांनी शाळा आणि घर यांमध्ये भिंत ठेवली नाही. सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढविला, आणि १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. त्याच जाईबाईंना १९३७ साली नागपुरात भरलेल्या उच्चवर्णीय स्त्रियांच्या परिषदेत जेवणाच्या पंक्तीत अपमान सोसावा लागला, आणि आपल्या स्त्रियांनी निषेधाची सभा भरविली. शांताबाई या मालिकेतील आहेत. त्यांचा विशेष हा, की त्यांनी शेवटी स्वतःचे आयुष्यच समाजाच्या हवाली केले.

निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसे नातवंडे खेळवितात, त्या वयात त्या लिहावयास बसल्या. १९८३ साली 'पूर्वा' नियतकालिकात त्यांची कथा क्रमशः आली आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाली. दलित स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मकथन म्हणून ते ओळखले जाते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हेही त्याच सुमाराचे. पहिले कोणते, हा वाद पंडितांनी घालावा. दोन्ही बहिणी आपल्याच आहेत. मुंबई दूरदर्शनने पुढे 'नाजुका' या नावाने त्यावर मालिका केली आणि पुस्तकाचा फ्रेंच भाषेत अनुवाद झाला. चाळीस वर्षे प्रमाण मराठी शिकविणाऱ्या या बाईंनी स्वतःची कथा मात्र माणदेशी बोलीत लिहिली. मुलांच्या वहीत ज्या भाषेखाली त्यांनी लाल रेघ ओढली असेल, ती भाषा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

मी प्रारंभी पुराव्याचा उल्लेख केला. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात एक नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने येऊन सांगावे, ज्याने दुसऱ्याकडून ऐकले त्याचे सांगणे सामान्यतः चालत नाही. अस्पृश्य स्त्रीच्या जिण्याविषयी पूर्वी जे लिहिले गेले ते बव्हंशी ऐकीव होते. सुधारकांनी कळवळ्याने लिहिले, कथाकारांनी कल्पनेने लिहिले, आमच्या पुरुषांनी आईची आठवण म्हणून लिहिले. शांताबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्वतः उभ्या राहिल्या. आणि अशा साक्षीदाराची उलटतपासणी घेणे कठीण असते, कारण तो स्वतःच्या बाजूच्या माणसालाही वाचवीत नाही. भूक, शिवाशीव, सवत, पोराबाळांचे आजार, पहिला पगार, हे सारे त्यांनी सारख्याच मापाने सांगितले. असा साक्षीदार खोटा पाडता येत नाही. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे दान हे आहे, कारण असे सांगण्यात स्वतःच्या अब्रूवर पाणी सोडावे लागते आणि मोबदला काही मिळत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलून दाखविते. ज्या वस्तीवरच्या शाळेत नाजा शिकली आणि ज्या शाळेत ती शिक्षिका म्हणून लागली, त्या सरकारी प्राथमिक शाळेची आज काय स्थिती आहे? पटसंख्या कमी म्हणून लहान शाळा मोठ्या शाळांत मिळविण्याच्या योजना मांडल्या जात आहेत. २००० साली शिक्षणसेवकाची पद्धत आली आणि पहिली तीन वर्षे मानधनावर काढण्याची पाळी नव्या शिक्षकावर आली. यामागे खर्चाची कारणे सांगितली जातात. ती सर्वस्वी खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दोन कोसांवरची शाळा मुलाला दूर वाटते आणि मुलीला ती बंदच होते. वस्तीवरचे एक पद रद्द होते तेव्हा एका नाजाची नोकरी आणि दुसऱ्या नाजाची शाळा एकाच हुकुमाने जाते. याविरुद्ध निवेदने देण्याचे काम शिक्षक-संघटनांवर सोडून आपण स्वस्थ बसतो, हे मला योग्य वाटत नाही.

शांताबाईंचे २५ जानेवारी २०२३ रोजी पुण्यात निधन झाले. शंभर वर्षे पुरी होण्यास नेमके पाच आठवडे उरले होते.

जाता जाता एक विनंती. आपल्या राजारामपुरीत, शेजारच्या वसाहतींत आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आपल्या समाजातील निवृत्त शिक्षिका आहेत. काहींनी सत्तरी, काहींनी नव्वदी गाठली आहे. प्रत्येकीने पुस्तक लिहावे अशी अपेक्षा नाही. त्या बोलतील आणि कोणीतरी लिहून घेईल, एवढे झाले तरी पुरे. त्यांच्या नेमणुकीचे हुकूम, सेवापुस्तके, जुने हजेरीपट घरातील पेट्यांत वाळवीच्या तोंडी चालले आहेत. ते टाकू नका. मी सभेनंतर तासभर येथेच बसणार आहे. ज्यांच्या घरी अशी आई, आजी किंवा मावशी असेल त्यांनी तिचे नाव, गाव आणि पहिल्या शाळेचे नाव या वहीत लिहून द्यावे. दर रविवारी दोन घरे, या हिशेबाने मी व माझ्या दोन सहकारी भगिनी कामास प्रारंभ करणार आहोत.